‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना वगळून पुढे गेलात? कुरुंद्याच्या नरहर कुरुंदकरांचं ते मत ऐतिहासिक मालिका पाहताना आजही का उपयोगी पडतं?

कादंबरी हातात आली की आधी पानं उलटायची, गोष्ट कुठे सुरू होते ते शोधायचं आणि तोवरचं सगळं सोडून द्यायचं, ही बहुतेक वाचकांची सवय. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’च्या बाबतीत ही सवय महागात पडते. १९६८ मध्ये आलेल्या या कादंबरीच्या सुरुवातीला एक लांबलचक पत्र छापलं आहे. ते देसाईंना उद्देशून आहे, लिहिणारे आहेत नरहर कुरुंदकर, आणि त्यात कौतुकाची फुलं कमी, प्रश्न जास्त आहेत. शिवाजी महाराजांवर कादंबरी लिहिणं अवघड का आहे, हे या पत्रात एक वाचक लेखकालाच समजावून सांगतो.

आज पुस्तकावर किंवा मालिकेवर मत द्यायला दहा सेकंद पुरतात. शेवटचा भाग संपला की पाच स्टार, नाहीतर एक स्टार. ‘भारी’, नाहीतर ‘बकवास’. त्यात गैर काही नाही, मित्राला सांगायला तेवढं पुरतं. अडचण पुढे येते. ऐतिहासिक सिनेमा किंवा मालिका आली की हेच दोन शब्द भांडणाचे होतात आणि कोण कशाबद्दल बोलतंय तेच कळेनासं होतं.

अशा वेळी हिंगोली जिल्ह्यातल्या या माणसाने वाचलेल्या पुस्तकांवर मतं कशी दिली, हे पाहणं उपयोगाचं आहे. त्यातलं सर्वाधिक हातांत पोहोचलेलं मत म्हणजे ‘श्रीमान योगी’चं हे पत्र.

कुरुंदकर कोण होते?

हळदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचं मोठं गाव आहे. टोकाई साखर कारखान्यामुळे अनेकांना ते माहीत असतं. कुरुंदकर हे आडनाव याच गावावरून आलं. नरहर अंबादास कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरला झाला. हे त्यांचं आजोळ. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे, तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, कारण हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. जुन्या पुस्तकांत त्यांचा जिल्हा परभणी लिहिलेला दिसतो तो यामुळेच.

त्यांचा जन्म झाला तेव्हा हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षण उर्दूतून चालायचं. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची ओळखच उर्दू माध्यमाचं विद्यापीठ अशी होती. त्याच विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर हे कुरुंदकरांचे मामा. भाचा शिकायला हैदराबादला गेला. तिथे पुस्तकं मिळाली, मामांच्या घरी वाङ्मयाची चर्चा कानावर पडली आणि संस्थानाविरुद्धचा लढाही जवळून पाहायला मिळाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झालं, तेव्हा कुरुंदकर सोळा वर्षांचे होते. पुढे या विषयावर त्यांनी जे विवेचन केलं ते ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ या पुस्तकात वाचायला मिळतं.

अभ्यासक्रमाशी मात्र त्यांचं फारसं जमलं नाही. इंटरच्या परीक्षेत ते अनेकदा नापास झाले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक होते, पदव्या नंतर मिळाल्या. त्यानंतर ते नांदेडच्याच पीपल्स कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले आणि पुढे प्राचार्य. हे कॉलेज स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारातून १९५० मध्ये उभं राहिलेलं. म्हणजे त्यांची सगळी नोकरी नांदेडमध्येच गेली. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळात बसून लिहिणारे ते नव्हते. पण पुण्या-मुंबईच्या लेखकांना त्यांच्या मताची दखल घ्यावी लागत होती.

पहिलंच पुस्तक केंब्रिजच्या प्राध्यापकावर

कुरुंदकरांचं पहिलं पुस्तक कोणतं, हे सांगितलं तर आजही आश्चर्य वाटतं. त्याचं नाव ‘रिचर्ड्‌सची कलामीमांसा’. नांदेडला बसून एक तरुण शिक्षक एका इंग्रज समीक्षकाच्या कलाविचारावर मराठीत अख्खं पुस्तक लिहितो. हे आय. ए. रिचर्ड्‌स कोण होते, हे थोडं थांबून पाहायला हवं, कारण ‘मत कसं द्यायचं’ या प्रश्नाशी त्यांचा थेट संबंध आहे.

रिचर्ड्‌स (१८९३ ते १९७९) केंब्रिज विद्यापीठात शिकवत. १९२० च्या दशकात त्यांनी वर्गात एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना छापील कागदावर कविता द्यायच्या. कवीचं नाव नाही, काळ नाही, कसलीच ओळख नाही. आठवडाभर वाचा आणि काय वाटलं ते मोकळेपणाने लिहून द्या, एवढीच सूचना. हे विद्यार्थी चांगले शिकलेले, इंग्रजी साहित्यच घेतलेले होते. तरी जे कागद परत आले ते पाहून स्वतः रिचर्ड्‌सही चक्रावले. जॉन डन, हॉपकिन्स यांच्यासारख्या मोठ्या कवींच्या कवितांना अनेकांनी नावं ठेवली होती, आणि आज कुणाला आठवतही नाहीत अशा कवितांची वाहवा केली होती.

नाव काढून घेतलं आणि मतच कोसळलं. पण रिचर्ड्‌सनी विद्यार्थ्यांची टिंगल केली नाही. लोक नेमके कुठे घसरतात, याचा त्यांनी अभ्यास केला. कुणाला कवितेचा साधा अर्थच लागलेला नव्हता. कुणाला एखादा शब्द वाचून स्वतःच्या आयुष्यातली आठवण आली आणि पुढचं सगळं त्या आठवणीबद्दलच लिहिलं गेलं. कुणाच्या मनात देव, देश, आई अशा विषयांवर साचेबंद भावना आधीच तयार होती, कविता फक्त ती बाहेर काढायला निमित्त झाली. कुणाचा श्रद्धाविषय कवितेशी जुळला नाही म्हणून कविताच वाईट ठरली. १९२९ मध्ये हे सगळं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात छापून आलं आणि जगभरात साहित्य शिकवण्याची पद्धत त्याने बदलली.

आता हीच यादी एखाद्या ऐतिहासिक मालिकेखालच्या प्रतिक्रियांना लावून पाहा. शंभर वर्षं होत आली, चुका त्याच आहेत.

रिचर्ड्‌सच्या विचारावर पुस्तक लिहिण्याइतकं घोळून काढणारा माणूस जेव्हा मराठी पुस्तकांवर बोलू लागला, तेव्हा ‘मला आवडलं’ यावर तो थांबणार नव्हता हे उघड आहे. इंजिनीअरिंगच्या परीक्षेत उत्तर चुकलं तरी स्टेप्सचे मार्क मिळतात. कुरुंदकरांच्या लेखांत स्टेप्स दिसतात. ते एक गृहीत मांडतात, त्याला आधार काय ते सांगतात, समोरचा काय आक्षेप घेईल तो स्वतःच घेतात, त्याचं उत्तर देतात आणि मग निष्कर्षाला येतात. निष्कर्ष पटला नाही तर नेमक्या कोणत्या पायरीवर पटला नाही, हे वाचकाला दाखवता येतं. त्यांच्याशी भांडायचं असेल तर सोय त्यांनीच करून ठेवली आहे.

‘श्रीमान योगी’च्या पत्रात काय आहे?

रणजित देसाई (१९२८ ते १९९२) हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे. माधवराव पेशव्यांवरची त्यांची ‘स्वामी’ १९६२ मध्ये आली आणि प्रचंड गाजली. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पुढे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका झाली. रवींद्र मंकणी माधवराव होते आणि मृणाल देव, म्हणजे आजच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई. त्या पिढीच्या मनात माधवरावांचा चेहरा अजूनही मंकणींचाच आहे.

‘स्वामी’नंतर देसाई शिवाजी महाराजांकडे वळले. तेव्हा ते महाराष्ट्रातले सर्वात यशस्वी ऐतिहासिक कादंबरीकार होते. कुणा इतिहासकाराकडून चार गोड परिच्छेद लिहून घेणं त्यांना सहज शक्य होतं. त्याऐवजी पुस्तकाच्या तोंडाशी त्यांनी कुरुंदकरांचं पत्र छापलं.

पत्रातला पहिला मोठा मुद्दा साधनांचा आहे. महाराजांबद्दल आपल्याला जे ‘माहीत’ असतं ते आलं कुठून? लहानपणी ऐकलेल्या गोष्टी, पोवाडे, बखरी, नाटकं, शाळेची पुस्तकं यांची मनात सरमिसळ झालेली असते. बखरींचंच उदाहरण घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर साधारण दीड दशकाने, जिंजीला लिहिली गेली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे मध्ये सव्वाशे-दीडशे वर्षं गेलेली. दोन्हींना आपण ‘बखर’ म्हणतो, पण पुरावा म्हणून दोन्हींचं वजन सारखं नाही. सामान्य वाचकाला हा फरक सहसा कुणी सांगत नाही. कादंबरीच्या आधी तो सांगितला जावा, हे विशेष.

दुसरा मुद्दा आणखी मोठा आहे. महाराज थोर होते हे सगळेच मानतात, पण थोर कशामुळे? हा प्रश्न कुरुंदकरांनी या पत्रात आणि ‘छत्रपती शिवाजी महाराज : जीवनरहस्य’ या छोट्या पुस्तिकेत घेतला आहे. अफजलखानाचा प्रसंग, शाहिस्तेखानावरचा छापा, आग्र्याहून सुटका. आपल्याला आठवतात ते हे प्रसंग. कुरुंदकर ते नाकारत नाहीत. पण धाडसी सरदार आणि बंड करणारे पुंड त्या काळात बरेच होते. युद्धात चमकून गेलेले पराक्रमी पुरुष इतिहासात जागोजागी सापडतात. नुसत्या पराक्रमाने महाराजांचं वेगळेपण सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. महाराजांच्या कारकिर्दीत मोहिमांपेक्षा कितीतरी जास्त काळ राज्य उभं करण्यात आणि चालवण्यात गेला, तिकडे बघा, असं ते सांगतात.

मग खरी परीक्षा कोणती? कुरुंदकरांचं उत्तर असं, की ती महाराजांच्या मृत्यूनंतर झाली.

यासाठी ते मागे, देवगिरीला जातात. देवगिरी म्हणजे आजचं दौलताबाद, मराठवाड्यातलंच. तेराव्या शतकाच्या अखेरीस अल्लाउद्दीन खिलजीची धाड आली आणि यादवांचं संपन्न राज्य गुडघ्यावर आलं. काही वर्षांत ते संपलंही. राजा हरला की राज्य गेलं. प्रजा त्यासाठी उठून लढली नाही, कारण राज्य राजाचं होतं, तिचं नव्हतं. (हिंगोलीच्या वाचकांसाठी एक संदर्भ : नरसीचे संत नामदेव याच यादवांच्या काळातले.)

आता १६८० नंतर काय झालं ते पाहा. महाराज गेले. औरंगजेब स्वतः प्रचंड सैन्य आणि खजिना घेऊन दक्षिणेत उतरला. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. राजाराम महाराज दूर जिंजीला गेले. १७०० मध्ये त्यांचंही निधन झालं. राजधानी नाही, खजिना नाही, कधी कधी तर राजाही हाताशी नाही. देवगिरीच्या हिशेबाने हे राज्य पहिल्या दोन वर्षांतच संपायला हवं होतं. पण संताजी घोरपडे, धनाजी जाधव लढत राहिले, पुढे ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली आणि लोक लढत राहिले. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला तोवर ही झुंज संपली नव्हती. १६८० पासून मोजली तर २७ वर्षं.

सामान्य माणसाला हे राज्य आपलं वाटलं म्हणून हे घडलं, असा कुरुंदकरांचा निष्कर्ष आहे. ते आपलं का वाटलं, याचं कारण शोधायचं तर लढायांकडे कमी आणि कारभाराकडे जास्त पाहावं लागतं. जमीन मोजणी, सारा, वतनाऐवजी रोख पगार, किल्ल्यावर एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता राहू नये म्हणून हवालदार, सबनीस आणि सरनौबत अशी विभागणी, दरबारी फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश. शाळेत दोन मार्कांच्या टिपेसाठी पाठ केलेल्या या गोष्टी. थोरवी तिथे आहे, असं हा माणूस म्हणत होता, आणि तेही एका कादंबरीच्या दारात उभा राहून.

मालिका हे का दाखवत नाहीत?

कुरुंदकरांनी मालिकांचं युग पाहिलं नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तेव्हाच्या औरंगाबादमध्ये, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय अवघं ४९. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. ‘हमलोग’ १९८४ मध्ये आली, ‘रामायण’ १९८७ मध्ये. श्याम बेनेगल यांच्या १९८८ च्या ‘भारत एक खोज’मध्ये नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले. मराठीत २००८ ची ‘राजा शिवछत्रपती’ आणि २०१७ ते २०२० या काळातली ‘स्वराज्यरक्षक संभाजी’, दोन्हींत अमोल कोल्हे, घराघरांत पोहोचल्या.

या मालिकांचं गणित वेगळं असतं. रोज वीस-बावीस मिनिटं, मध्ये जाहिराती, शेवटी असा एक क्षण की प्रेक्षक उद्या परत यावा. अफजलखान शामियान्यात शिरतोय, तिथे भाग थांबवता येतो. सारा वसुलीचे नियम ठरतायत, तिथे कसा थांबवणार? प्रसंग दिसतो. पद्धत दिसत नाही, ती वर्षानुवर्षं चालते आणि तिला पार्श्वसंगीत देता येत नाही. म्हणजे कुरुंदकर ज्याला कमी महत्त्वाचं म्हणत होते नेमकं तेच पडद्याला सोयीचं आहे.

तरी ‘हे दाखवणं शक्यच नाही’ असंही म्हणता येत नाही. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या सैन्याच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, १६७० च्या दशकातलं. पावसाळ्यापर्यंत दाणा-वैरण पुरवून वापरा, नाहीतर रयतेकडून ओढून आणायची पाळी येईल, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी मरतील, इतकी बारीक काळजी त्यात आहे. राज्याचा धनी उंदराचा आणि वातीचा विचार करतोय. एखाद्या चांगल्या लेखकाच्या हाती यातून पंचेचाळीस मिनिटांचा उत्तम भाग होईल. ओटीटीवर प्रशासन, पैसा, फायली यांच्यावरच्या मालिका लोक रात्र जागून पाहतात, मग हे का चालू नये?

वाद मात्र आपले प्रसंगांवरच होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘छावा’चंच पाहा. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवर आधारलेला, लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित हा चित्रपट. ट्रेलर आला आणि लेझीमच्या दृश्यावर आक्षेप घेतले गेले, ते दृश्य काढण्यात आलं. प्रदर्शनानंतर गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणाला शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. दोन्ही बाजूंच्या भावना खऱ्या होत्या. पण चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकासमोर तीन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी आल्या होत्या. १७ व्या शतकात जे घडलं ते, १९७९ मध्ये सावंतांनी जी कल्पना केली ती, आणि २०२५ मध्ये पडद्यासाठी जे बदललं ते. चर्चेत या तिन्ही एकच समजल्या गेल्या. ‘कादंबरीवर आधारित’ ही पाटी सुरुवातीला झर्रकन निघून जाते, आपण पॉपकॉर्न सावरत असतो.

‘श्रीमान योगी’च्या वाचकाला १९६८ मध्ये निदान एक सोय होती. गोष्ट सुरू होण्याआधीच कुणीतरी शांतपणे सांगत होतं, की बाबा रे, यातलं इतिहास काय आणि कल्पना काय, हे विचारत राहा. मालिकेच्या आधी असं पत्र लावता येत नाही. लावलं तरी ‘स्किप इंट्रो’चं बटण आहेच.

न पटणारं पुस्तकही पूर्ण वाचायचं

कुरुंदकरांच्या पद्धतीची दुसरी बाजू त्यांच्या ‘मनुस्मृती’वरच्या विवेचनात दिसते. समाजवादी विचारांचा, राष्ट्र सेवा दलाशी जोडलेला, स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवणारा हा माणूस मनुस्मृतीचा कडवा विरोधक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तिचं दहन केलं, त्या परंपरेच्या बाजूने ते उभे होते. पण विरोध करायचा म्हणून त्यांनी ऐकीव गोष्टींवर काम भागवलं नाही. ग्रंथ श्लोकागणिक वाचला, त्याची रचना समजून घेतली, समर्थक जी स्पष्टीकरणं देतात ती त्यांच्याइतक्याच नेटकेपणाने मांडली आणि मग ती कुठे टिकत नाहीत ते दाखवलं. ग्रंथाची बाजू घेणाऱ्यांपैकी अनेकांनी तो वाचलेलाच नसतो, ही त्यांची तक्रार होती. विरोधकांनाही ती लागू पडते, हे वेगळं सांगायला नको.

मराठी कादंबरीवरचं त्यांचं ‘धार आणि काठ’, महाभारतावरचं ‘व्यासांचे शिल्प’, भरताच्या नाट्यशास्त्रावरचं लेखन, सगळीकडे हीच चाल आहे. नाट्यशास्त्रातल्या रसाभोवती नंतरच्या भाष्यकारांनी अध्यात्माचं वलय उभं केलं. ते बाजूला करून रंगभूमीवर प्रत्यक्ष काय घडतं यावर ते बोट ठेवतात.

सगळंच पटतं का?

नाही. कुरुंदकरांचं बरंचसं लेखन व्याख्यानांतून आलेलं आहे आणि ते जाणवतं. मुद्दा पुन्हा पुन्हा येतो, वाक्यं ठाम असतात, श्रोत्यांना जिंकायची घाई कधी कधी दिसते. वर्गात समोर बसून ऐकताना जे भारून टाकतं ते छापील पानावर थोडं ताणल्यासारखं वाटू शकतं. अनेक संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. स्वतः हात फिरवायला मिळाला असता तर त्यांनी काही भाग नक्कीच गाळले असते. शिवकाळावर गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ नवं संशोधन झालं आहे, त्यामुळे तपशिलांसाठी आज फक्त त्यांच्यावर विसंबणं बरोबर नाही.

आणि एक गोष्ट ‘श्रीमान योगी’च्या बाबतीतही मान्य करायला हवी. पत्र ज्या प्रश्नांवर रेंगाळतं त्या प्रश्नांवर कादंबरी नेहमी थांबत नाही. देसाईंना माणसं, नाती, आई-मुलगा, पती-पत्नी यांत जास्त रस आहे. त्यांची ताकदही तीच. पत्र वाचून कादंबरीत शिरलेल्या वाचकाला मधूनमधून वाटतं, की कारभाराचा तो शिवाजी इथे थोडा कमी पडला. असं वाटायला लावणारं पत्र आपल्याच पुस्तकाच्या सुरुवातीला छापणं सोपं नव्हतं. देसाईंनी ते छापलं, आणि आजही ते तिथेच आहे.

वाचायचं तर कुठून सुरुवात करावी?

घरात किंवा गावच्या वाचनालयात ‘श्रीमान योगी’ असेलच. त्यातली प्रस्तावना आधी वाचा. कादंबरी आधीच वाचून झाली असेल तर आणखी चांगलं, कारण प्रश्न कुठे अडतात ते लगेच कळतं. एका बैठकीत संपणार नाही, दोन-तीन दिवस लागतील. ‘जीवनरहस्य’ ही पुस्तिका त्यापेक्षा लहान आहे, वसमत ते नांदेड एसटीत बरीचशी वाचून होईल. निवडक लेख एकत्र हवे असतील तर ‘निवडक नरहर कुरुंदकर’चे खंड आहेत. त्यातला ‘ग्रंथवेध’ हा खंड पुस्तकांवरच्या लेखांचा, ‘व्यक्तिवेध’ माणसांवरच्या. राजकारण आणि समाजाबद्दल त्यांचं म्हणणं पाहायचं असेल तर ‘जागर’. ‘रिचर्ड्‌सची कलामीमांसा’ मात्र शेवटी ठेवा, ते पुस्तक अवघड आहे.

रिचर्ड्‌सचा प्रयोग घरी करून पाहायचा असेल तर त्याला पुस्तकही लागत नाही. एखाद्या गाजलेल्या मालिकेतला संवाद आणि कुणाला माहीत नसलेल्या मालिकेतला संवाद, दोन्ही नावाशिवाय टाइप करून मित्रांच्या ग्रुपवर टाका. कोणता चांगला आणि का, एवढंच विचारा. ‘का’चं उत्तर किती जण देतात ते मोजा.